डंडी मोडनी, आते काय करानं? टुरिंग बाइकची लांब रेडिओ अँटेना बदलण्याची रीत

धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गाजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हॉर्न, वायरिंग, सेल्फ, कार टेप हे रोजचं काम. पण मुंबईहून इंदूरकडे निघालेली एखादी अवाढव्य टुरिंग बाइक वर्षातून चार-पाच वेळा तरी दारात येऊन उभी राहते. तिच्या मागच्या पेटीच्या बाजूने निघालेली हातभर दांडी एकतर वाकलेली असते नाहीतर बुडातून तुटलेली. पोरं गाडीभोवती जमतात, "किती देते?" विचारतात, आणि मालक दांडीचा तुकडा हातात धरून बिचारा.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक गोल्ड विंग आली, १८३२ सीसी, सहा सिलिंडरची. मालक शिरपूरकडचा, आपलाच माणूस. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घालताना दांडी पन्हाळीत अडकली होती. "भाऊ, डंडी मोडनी. आते काय करानं?" म्हणाला, आणि खिशातून वीतभराची काळी रबरी दांडी काढली. ऑनलाइन मागवली होती. दिसायला झकास, पुन्हा अडकायची भीती नाही. मी बसवून दिली. धुळ्यात रेडिओ खणखणीत वाजला. संध्याकाळी त्याचा फोन आला, की नरडाण्याच्या पुढे नुसती खरखर आहे.

चूक माझीच होती, मी त्याला आधी सांगायला हवं होतं. नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहितो, आणि सुरुवात लांबीपासूनच करतो.

दांडी एवढी लांब का असते

एफएम रेडिओ १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. त्या लहरीची लांबी साधारण ३ मीटर. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी दांडी असली की ती लहर चांगली उचलते, म्हणजे ७५ सेंटिमीटर. कंपनीतून येणाऱ्या दांड्या बहुधा याच मापाच्या आसपास असतात, ते यासाठी. शोभेसाठी कोणी एवढी लांब काठी लावत नाही.

आखूड दांडीच्या आत तारेचं वेटोळं असतं. त्यामुळे ती हिशोबात जुळते, पण हवेतून सिग्नल उचलायला जी उघडी लांबी लागते ती वेटोळ्यातून येत नाही. मुंबई-पुण्यात टॉवर डोक्यावरच असतो, तिथे वीतभर दांडीही पुरते. आपल्याकडे स्टेशन लांब आणि एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाणारी. एकीकडे सातपुडा, दुसरीकडे लळिंगचा घाट. सपाटीवर ऐकू येणारं स्टेशन सेंधव्याच्या घाटात शिरलं की गुल.

मध्यम लहरींची गोष्ट तर आणखी वेगळी. आकाशवाणीचं जळगाव केंद्र आमच्या लहानपणी ९६३ किलोहर्ट्झवर लागायचं. त्या लहरीची लांबी ३११ मीटर, चौथा हिस्सा काढला तरी ७८ मीटर. एवढी दांडी गाडीवर लावायची तर गाडीपेक्षा मनोराच विकत घ्यावा. म्हणजे मध्यम लहरींसाठी कुठलीही दांडी आखूडच, आणि त्यातून आणखी वीतभर कापली की फरक लगेच कानाला कळतो.

म्हणून माझं मत साफ आहे. खानदेशात फिरणार असाल तर जुन्या दांडीएवढीच लांब नवी दांडी घ्या. अडकायची भीती असेल तर लवचीक घ्या, किंवा बुडाशी दुमडणारा बेस (दांडी जिच्यात बसते ती बैठक) असेल तर तो वापरायला शिका. फोनवरची गाणी ब्लूटूथने ऐकणारे आणि रेडिओ कधीच न लावणारे असाल तर खुशाल आखूड लावा, त्यात काही वाईट नाही.

पाना हातात घेण्याआधी

दांडी समोर तुटलेली दिसत असेल तर प्रश्नच नाही. पण "रेडिओ नीट लागत नाही" एवढीच तक्रार असेल तर लगेच दांडी मागवू नका. दोष चार ठिकाणी असू शकतो: दांडीत, बेसमध्ये, केबलमध्ये, नाहीतर रेडिओत. आणि बऱ्याचदा चारही ठीक असतात, घोळ पाचवीकडेच निघतो.

ती पाचवी जागा आधी बघा, कारण तिला पैसे लागत नाहीत. हँडलला लावलेला स्वस्तातला मोबाइल चार्जर काढा. बाहेरून बसवलेले एलईडी दिवे बंद करा. खरखर गेली तर चोर सापडला. चार्जर आणि एलईडीच्या आतलं सर्किट सतत चालू-बंद होत असतं, त्याचा कचरा रेडिओत शिरतो, मध्यम लहरींवर तर फारच. इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ आणि ॲक्सिलरेटर पिळला की कूंऽऽ असा चढत जाणारा आवाज, असं असेल तर अर्थिंग किंवा चार्जिंगच्या बाजूला बघा. नवी दांडी तो आवाज घालवणार नाही.

मग दुसरी परीक्षा. एखादं कमजोर स्टेशन लावा, जोरदार नको. इंजिन बंद, रेडिओ चालू. दांडी फिरवून काढा आणि तिच्या जागी उघड्या पडलेल्या आट्यांना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवा, बोट त्याच्या लोखंडी भागावर ठेवा. तुमचं अंगच घटकाभर अँटेना होतं. स्टेशन उठून आलं तर बेस आणि केबल जिवंत आहेत, दांडी मेली आहे. काहीच फरक पडला नाही तर दांडी बदलून उपयोग नाही, पुढे केबलकडे जावं लागेल.

मल्टिमीटर असेल तर केबलचा प्लग रेडिओच्या मागून काढून आणि दांडी उतरवून तीन मापं घ्या. बेसच्या आट्यांपासून प्लगच्या मधल्या पिनपर्यंत बीप यायला हवी. मधली पिन आणि बाहेरची जाळी यांच्यात बीप येता कामा नये. आली तर आत पाणी शिरलंय किंवा केबल कुठेतरी चेपलीय. आणि बाहेरची जाळी ते गाडीची चेसिस यांच्यात बीप हवी. बेसमध्ये छोटा ॲम्प्लिफायर असलेल्या गाड्यांत पहिली दोन मापं वेगळी येतात, तिथे स्क्रू-ड्रायव्हरचीच परीक्षा जास्त भरवशाची.

दांडीचंही माप घ्यावं का? उघडी स्टीलची असेल तर तळापासून टोकापर्यंत बीप येते. फायबरची, वरून प्लास्टिक चढवलेली असेल तर टोकाला मीटर लावायला जागाच नसते. तिला तळाशी हलकं वाकवून बघा. कुरकुर आवाज आला की आतली तार तुटलीय समजा.

दांडी विकत घेताना

जुनी दांडी, निदान तिचा तुटका बुडखा, खिशात घेऊन दुकानात जा. फोटो दाखवून घेतलेली दांडी हमखास चुकते, कारण खेळ सगळा आट्यांचा असतो. बहुतेक दांड्यांचा आटा ५ किंवा ६ मिलिमीटरचा. हार्डवेअरच्या दुकानातून दोन्ही मापांचे एकेक नट आणा आणि बुडख्यावर फिरवून बघा. अमेरिकी दांड्यांत कधीकधी इंची आटा येतो. तो ५ मिलिमीटरच्या आट्याचा जुळा भाऊ दिसतो, पण दोन फेरे जाऊन अडकतो नाहीतर ढिला बसतो. जोर लावून बसवायचा मोह झाला तर बेस बदलायची तयारी ठेवा.

दांडीच्या टोकाला गोळी किंवा टोपी आहे ना, हे बघा. ही दांडी नेमकी माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येते. आमच्या दुकानात पोरं गाडीला खेटून उभी राहतात, तेव्हा माझा जीव वरखाली होतो.

दांडीवर वरपासून खालपर्यंत पिळासारखी बारीक तार गुंडाळलेली असेल तर ती घ्या. वारा गुळगुळीत दांडीला घासून जाताना मागे ठरावीक तालात भोवरे सोडतो, दांडी थरथरते आणि शिटी वाजते. पीळ असला की तो ताल मोडतो. पारोळ्याच्या रस्त्यावर तासभर कानाशी शिटी ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेतून आलेल्या जुन्या गाडीवर मागे दोन दांड्या असू शकतात. एक रेडिओची, दुसरी २७ मेगाहर्ट्झच्या सीबी वायरलेसची. दोन्ही सारख्या दिसतात. सीबीची दांडी तिच्या यंत्राशी जुळवलेली असते. तिच्या जागी रेडिओची दांडी लावून कोणी बोलायचं बटण दाबलं तर यंत्राचा आउटपुट जळू शकतो. केबल कुठे जाते ते बघितल्याशिवाय अदलाबदल करू नका.

दांडी काढणं

सामान फार लागत नाही. ८, १० आणि १२ नंबरचे पाने, ॲलन कीचा जुडगा, पक्कड, पितळी ब्रश, गंज सोडवायचं स्प्रे तेल, कॉन्टॅक्ट क्लीनर, मास्किंग टेप आणि जुनी चादर. चादर मागच्या पेटीवर आणि सीटवर अंथरा. या गाड्यांच्या रंगाला ओरखडा पडला की मालक दोन महिने तोंड फिरवतो.

वेळ सकाळची निवडा. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ अंशांत उन्हात उभ्या गाडीचं प्लास्टिक मऊ पडतं, आणि पाच-सात उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक तर नुसतं दाबलं तरी तडकतं.

दांडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की निघते. निघायला हवी. पावसाळे झेललेली असेल तर आटे गंजून एकजीव झालेले असतात, आणि इथेच नवशिके गाडी बिघडवतात. पक्कडीने दांडी धरतात, जोर लावतात, "निघाली निघाली" म्हणून खूश होतात. निघालेली नसते. दांडीबरोबर अख्खा बेस फिरलेला असतो आणि आतली केबल पिळून तुटलेली असते. पन्नास रुपयांचं तेल वाचवायला गेलं की केबलचा खर्च अंगावर येतो.

बरोबर रीत अशी. दांडीच्या बुडाशी बघा, पाना बसेल अशा चपट्या बाजू असतात. त्याच्या खालीच बेसचा कॉलर किंवा नट असतो. सांध्यात तेलाचे दोन फवारे मारा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पुन्हा एक फवारा. आता डाव्या हातातला पाना बेसवर घट्ट, तो जागचा हलू द्यायचा नाही. उजव्या हातातला दांडीवर. आधी उलटं नको, किंचित कसायच्या दिशेने दाबा, केसभर. 'टक्' असा बारीक आवाज येतो, गंजाची पकड सुटल्याची ती खूण. मग उलट दिशेने पाव फेरा, परत थोडं पुढे, परत मागे. भूल दिलेल्या दाढेसारखी ती हळूहळू हलायला लागते. हातोडी चालवायची नाही. गॅसचा बर्नर तर नाहीच, खाली प्लास्टिक आहे.

दांडी बुडातून तुटून आटा बेसमध्येच अडकला असेल तर हॅकसॉच्या पात्याने तुकड्याच्या माथ्यावर खाच पाडा, चपटा स्क्रू-ड्रायव्हर लावून फिरवा. दहापैकी सहा वेळा निघतो. नाही निघाला तर बेसच बदला, ड्रिल मारत बसू नका. वाकडं भोक पडलं की नवी दांडी कायमची तिरकी उभी राहते.

निघाल्यावर बेसचे आटे पितळी ब्रशने साफ करा, क्लीनर मारा, सुकू द्या. नवी दांडी आधी हातानेच चढवा. चार-पाच फेरे बोटांनी सहज जायला हवेत. मग दोन पाने लावून पाव फेरा, बस. आट्यांना लॉकटाइट लावा असं बरेच जण सांगतात. मी लावत नाही, कारण सिग्नल त्याच आट्यांतून जातो आणि तो गोंद विजेला अडवणारा. कंपाने ढिली होऊ नये म्हणून स्प्रिंग वायसर टाकतो, आणि कसून झाल्यावर सांध्यावर बाहेरून व्हॅसलीनचं बोट फिरवतो, पाणी शिरू नये म्हणून.

फक्त दांडी बदलायची होती तर काम इथेच झालं.

बेस आणि अर्थिंग

बेसला हात घालायचा तर चावी बंद, आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. त्याआधी रेडिओला चोरीविरोधी कोड आहे का ते मालकाला विचारा. बॅटरी काढल्यावर काही रेडिओ कोड मागतात. कोडचं कार्ड मुंबईच्या घरात आणि गाडी धुळ्यात, असा प्रसंग मी बघितला आहे.

सीट काढा, मागच्या पेटीचं आतलं अस्तर काढा. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवा. बेस खालून एका मोठ्या नटाने धरलेला असतो, नटाखाली दातेरी वायसर. तो वायसर सांभाळा. अँटेना म्हणजे नुसती दांडी नव्हे. दांडी अर्धी, गाडीचं लोखंड उरलेली अर्धी. दोघांची गाठ तो दातेरी वायसर घालून देतो. पेटी प्लास्टिकची किंवा फायबरची असते, म्हणून बेसपासून चेसिसपर्यंत एक जाळीची पट्टी किंवा पत्र्याची क्लिप दिलेली असते. ती जिथे चेसिसला लागते तिथला रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड दिसू द्या, मगच कसा. "दांडी नवी, बेस नवा, तरी खरखर" या तक्रारीचं कारण मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे.

केबल ओढायची असेल तर

केबल बदलण्याची वेळ क्वचित येते. उंदरांनी कुरतडलेली मात्र हमखास बदलावी लागते, आणि गोडाऊनमध्ये धान्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदीर सोडत नाहीत. केबल कार रेडिओचीच घ्या. डिशची केबल घालायचा जुगाड मी एकदा केला आणि पस्तावलो. तिच्यातला तांब्याचा सळईसारखा गाभा गाडीच्या कंपाने सोल्डरपाशी तुटला. वायरलेस सेटची बारीक काळी केबलही नको, मध्यम लहरींचा सिग्नल ती वाटेतच खाते. प्लग कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा. जुन्या गाड्यांत लांब पिनेचा मोटोरोला प्लग, नव्यांत बहुधा चौकोनी प्लास्टिकचा फाक्रा. एकात दुसरा जात नाही, मध्ये जोड घ्यावा लागतो.

जुनी केबल ओढून फेकू नका. पायजम्याची नाडी निसटली की पिनेला बांधून ओवतो ना, तसंच. जुन्या केबलच्या टोकाला नव्या केबलचं टोक मजबूत दोऱ्याने बांधा, वर टेप गुंडाळा, आणि एकाने मागून सोडत, दुसऱ्याने पुढून ओढत न्या. सायलेन्सर आणि इग्निशन कॉइलच्या तारांपासून लांब ठेवा. केबल हँडलपाशी जात असेल तर तिथे ढील सोडा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. बेसखाली केबलचा एक छोटा झोळ खाली लोंबू द्या, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये न जाता झोळाच्या तळातून टपकतं.

तपासणी आणि नंतर

जिथे पहिली परीक्षा घेतली त्याच जागी, तेच कमजोर स्टेशन लावा. दुकानात एक आणि घरी दुसरं, असं केलं तर काय सुधारलं ते कळणार नाही. आधी इंजिन बंद ठेवून ऐका, मग चालू करून. मग एक चक्कर मारा, शंभराच्या वेगाने नाही, आधी साठने. आरशात दांडीकडे नजर ठेवा. थोडी मागे झुकणं ठीक, पण बुडाशी लटपट दिसली तर थांबून कसा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा हात लावून बघा, नवा सांधा बसताना थोडा ढिला होतोच.

गाडीवर कव्हर टाकताना दांडी दुमडा किंवा काढून ठेवा. कव्हर ओढताना ती वाकते, आणि एकदा वाकली की पुन्हा सरळ करायला गेल्यावर तिथेच मोडते. शेताच्या वाटेला बाभळीच्या फांद्या खाली आलेल्या असतील तिथेही तेच. दांडीला झेंडा बांधू नका. वाऱ्यात झेंड्याचा सगळा ओढा बेसवर येतो आणि प्लास्टिकला तडा जातो. जयंतीनंतरच्या आठवड्यात अशा दोन गाड्या माझ्याकडे आल्या होत्या.

शिरपूरच्या त्या भाऊंना पुढे मी लांब, लवचीक दांडी मागवून बसवून दिली. वीतभर दांडी त्यांनी परत घेतली नाही, ती अजून माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे. ५ मिलिमीटरचा आटा आहे तिचा, गिऱ्हाइकाच्या बेसचं माप बघायला मी तीच वापरतो.